‘झालंच समजा’ची परीक्षा

मी परीक्षा घेतो, एवढं आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. कुणाची घेतो, ते मात्र कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि न सांगता येणाऱ्यांत पहिला नंबर माझा.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्यापुढं परीक्षेला जिवंत पोरं बसतात, ती खोडरबर मागतात, पाणी प्यायला जातात. माझ्यापुढं बसतं एक सॉफ्टवेअर. ते पुण्याच्या कंपनीचं. मी युसूफ वडगाव या आमच्या गावी घराच्या वरच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांना पाठ लावून बसतो आणि त्याची परीक्षा घेतो. तीसुद्धा हातानं नाही. परीक्षा घेणारा दुसरा एक प्रोग्राम लिहायचा, तो रोज पहाटे आपोआप चालतो आणि पडद्यावरच्या फळ्यावर ठिपके उमटवतो. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास.

हे मी एकदा चुलतभावाला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजी परीक्षा देतंय बी मशीन आन् घेतंय बी मशीन. मग तू काय करतूस बे?”

“मी लक्ष ठेवतो.”

“आस्सं. कॉपी पकडतूस.”

त्या दिवसापासून गावात माझी तीच ओळख झाली. मीही दुरुस्त करायला गेलो नाही. खरी ओळख त्याहून भारी निघाली असती अशी काही खात्री नव्हती.

आता मी पुण्याच्या कंपनीत असून गावात कसा, ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं होतं. लग्न झाल्यापासून बायकोची नोकरी गेवराईकडं आणि माझी पुण्यात. शनिवार-रविवारचा संसार. मी एसटीतून उतरायचो तेव्हा ती वह्या तपासत असायची, आणि वह्या तपासून व्हायच्या तेव्हा माझी परतीची गाडी लागलेली असायची. मग एकदाची तिची बदली आमच्या तालुक्यात झाली. कंपनीनं मला घरून काम करायची परवानगी दिली आणि पिकलेल्या केसांनी आम्ही दोघं पहिल्यांदा एका घरात राहायला लागलो. तिला माझं घोरणं नव्यानं कळलं, मला तिचा सकाळचा आवाज.

आणि फाल्गुनात कंपनीचा मेल आला. घरून काम करणाऱ्यांचा फेरविचार होणार आहे. ज्यांचं काम ‘स्थिर’ दिसेल ते राहतील, बाकीच्यांनी पुण्यात यावं. मोठ्या ग्राहकापुढं सॉफ्टवेअर दाखवायचा दिवस जवळ आला होता, आणि माझ्या कामाची स्थिरता म्हणजे तोवर फळा हिरवा असणं.

फळा हिरवा नव्हता. खरं सांगायचं तर तो लालही नव्हता. काल लाल असलेला ठिपका आज हिरवा, आजचा हिरवा उद्या लाल. मधे कुणी काही बदललेलं नाही, पोरगं तेच, पेपर तोच. सोमवारी पास, मंगळवारी नापास.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. आमचं सॉफ्टवेअर मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं. हॉल, मांडव, आचारी, बँड, घोडा, सगळं एका जागी. पण त्याच्या नोंदी मात्र एका जागी नसतात. एकाच नोंदवहीच्या पाच-सात प्रती वेगवेगळ्या शहरांतल्या यंत्रांवर ठेवलेल्या. एक यंत्र बसलं तरी दुसरं उत्तर द्यायला हजर असावं, हा हेतू चांगलाच. तुम्ही हॉल बुक केला की जवळची प्रत ताबडतोब ‘झालं’ म्हणते आणि मग सवडीनं बाकीच्या प्रतींना कळवते. तेवढ्यात कुणी लांबच्या प्रतीला विचारलं, तर ती इमानेइतबारे सांगते, “हॉल मोकळा आहे, या.” खोटं कुणीच बोलत नाही. काही वेळानं सगळ्या प्रतींचं एकमत होतं. पण काही वेळ म्हणजे किती, ते कुणी लिहून देत नाही.

या प्रकाराला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. कंपनीनं त्याचं प्रशिक्षण ठेवलं, त्यात बाणच बाण असलेल्या आकृत्या दाखवल्या. पोरं माना हलवत होती. मला मात्र हे आईच्या पोटातून माहीत असल्यासारखं वाटत होतं. ब्लाउज शिवून झाला का? झालंच समजा. मोटारीचं वायंडिंग झालं का? झालंच समजा. मांडवाचं सामान निघालं का? निघालंच समजा. ज्याला हे वाक्य कळतं त्याला आमचा डेटाबेस कळतो. व्याकरणात लिहिलंय की ‘च’ जोर देण्यासाठी लावतात. आमच्याकडं तो मुदत मागून घेण्यासाठी लावतात.

माझी परीक्षा काय करायची? एका काल्पनिक वधूपित्याच्या नावानं पाटोद्यातला एक काल्पनिक हॉल बुक करायची, डेटाबेस ‘झालं’ म्हणाला की त्याच क्षणी यादी उघडून विचारायची, “मग दाखव कुठंय?” प्रश्न जवळच्या प्रतीकडं गेला तर हिरवं. लांबच्या प्रतीकडं गेला तर लाल. म्हणजे माझ्या परीक्षेत सॉफ्टवेअरची हुशारी नव्हे, नशीब तपासलं जात होतं.

त्यात आणखी एक गंमत. आम्ही सगळ्यांनी आपापल्या परीक्षा त्या एकाच वधूपित्यावर लावलेल्या. एक परीक्षा त्याच्या पोरीचं लग्न ठरवायची, त्याच मिनिटाला दुसरी ते मोडायची, तिसरी तारीख पुढं ढकलायची आणि चौथी त्याला घोडा पाठवून द्यायची. तो माणूस खरा असता तर त्यानं पोरगीच दिली नसती.

यावर टीमनं काढलेला इलाज होता ‘स्लीप’. म्हणजे बुक केल्यावर परीक्षेनं थोडा वेळ झोपायचं, मग उठून यादी बघायची. लाल आलं की झोप वाढवायची. असं करत करत आमची परीक्षा इतकी झोपाळू झाली की पहाटे सुरू झालेली दुपारच्या जेवणापर्यंत उठेना.

बायकोनं एकदा विचारलं, “आज दिवसभर काय केलंत?”

“झोप वाढवली.”

“ते दिसतंच आहे. ऑफिसचं काय केलंत?”

आणि झोपूनही लाल आलं, तर आमच्या मॅनेजरनं ‘रीट्राय’ लावून दिला होता. नापास झालेली परीक्षा पुन्हा घ्यायची, पुन्हा नापास तर पुन्हा. कधीतरी एकदा पास झाली की हिरवा ठिपका देऊन मोकळं व्हायचं. हे ऐकून बायकोनं हातातली वही खाली ठेवली. “आमच्याकडं कुणी असं केलं तर पेपरात फोटो येतो,” ती म्हणाली.

मॅनेजर माणूस वाईट नाही. वयानं माझ्याहून बराच लहान, मला ‘सर’ म्हणतो, आणि ज्या दिवशी जास्त ‘सर’ म्हणतो त्या दिवशी मी पाण्याची बाटली जवळ घेऊन बसतो. वरच्यांना त्याच्याकडून हिरवं हवं होतं, म्हणून त्याला आमच्याकडून हिरवं हवं होतं.

अशात आमच्या घरी कंदुरी निघाली. सुनेची बदली जवळ झाली तर गावाबाहेरच्या दर्ग्याला बकरं देईन, असा नवस आईनं बोलून ठेवलेला. मला पुण्याला पिटाळतील की काय या चिंतेत मी होतो. आईचं म्हणणं, नवस बदलीचा होता, तुझ्या नोकरीचा न्हाई. पीर एका वेळी एकच काम घेतो. तर भावकीला चूलबंद आवतण द्यायचं ठरलं. चूलबंद म्हणजे घरातल्या एका-दोघांनी नाही, उभ्या घरानं जेवायला यायचं, त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही.

“घरोघर जा,” आई म्हणाली. “पहिलं तात्याच्या घरी. त्यांचा मान पहिला. उंबऱ्यात उभा राहून सांगू नकोस, बस, पाणी पी, मंग सांग.”

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. पण भावकीची घरं काही थोडी नव्हती, प्रत्येक घरी बसायचं, पाणी प्यायचं म्हटलं तर माझी सगळी झोपाळू परीक्षा खोळंबली असती. मी माहिती-तंत्रज्ञानातला माणूस. भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला, दोन हात जोडलेलं चित्र टाकलं आणि लिहिलं: ‘उद्या दुपारी आमच्याकडे कंदुरीचं चूलबंद जेवण. सर्वांनी यावे.’ आईला सांगितलं, “आवतण दिलं.”

“आँ? इतक्यात?”

“झालं.”

पण माणूस परीक्षा घेणारा. दिलं तर खरं, पोचलं का ते बघायला नको? थोड्याच वेळात मोठं पातेलं मागायच्या निमित्तानं मी तात्यांच्या घरी गेलो. काकू ओसरीत बसून मटकी निवडत होत्या.

“काय बेत काकू?”

“कशाचा बेत? उद्याला उसळ करावी म्हणते. राती भिजवते.”

“उद्याला?”

“उद्याच की. कावून रं?”

उद्या आमच्याकडं चूलबंद आणि यांच्याकडं उसळ! म्हणजे येणार नाहीत. म्हणजे तात्या रुसले. का रुसले असतील याचा अंदाज लावायला भावकीत फार वेळ लागत नाही, कारणं तयारच असतात. तात्या बाजेवर बसून तंबाखू मळत होते. माझ्याकडं बघून फक्त “ये” म्हणाले. मला तेवढंही तुटक वाटलं. मी जाऊन पायाशी बसलो.

“तात्या, काय चुकलं असल तर पोटात घाला.”

तात्यांचा अंगठा थांबला. “काय चुकलं?”

“न्हाई, असंच आपलं.”

“असंच कुणी माफी मागतंय व्हय? काय केलंस?”

“काही नाही केलं तात्या.”

“मंग कुणी केलं?” तात्यांनी तंबाखू बाजूला ठेवली. “तुझ्या आईनं काय म्हणलं का?”

“न्हाई हो.”

“मंग बांधाचं म्हणतूस. बांधावरचं लिंबाचं झाड तोडलं ते. मला वाटलंच हुतं.”

मला त्या लिंबाचा पत्ताही नव्हता. पण आता तात्या शोधायलाच बसले, आणि शोधणाऱ्याला भावकीत रिकाम्या हातानं परत यावं लागत नाही. लिंबानंतर माझ्या लग्नातल्या फेट्याचा विषय निघाला. फेट्यानंतर विहिरीचा. काकू अधूनमधून मटकीतले खडे माझ्या दिशेला फेकत असल्यासारखं वाटत होतं. मी पातेलं न मागताच उठलो.

घरी येऊन सांगितलं, तात्या रुसलेत. आईनं डोक्याला हात लावला. बायकोनं मात्र पोलिसासारखं विचारायला सुरुवात केली.

“तात्यांकडं साधा फोन आहे. ग्रुपवर त्यांच्या घरातलं कोण आहे?”

“त्यांचा मुलगा.”

“तो कुठं असतो?”

“ट्रकवर. आज गेवराईच्या बाजूला गेलाय.”

“तो गाडी चालवताना मेसेज वाचणार, मग घरी फोन करणार, मग त्यांना कळणार. तुम्ही कधी गेलात?”

“लगेच.”

“मग त्यांना कळलंच नव्हतं की हो! रुसतील कशाला?”

मी म्हणालो, “पण मी कळवलं होतं.”

“कळवलं आणि कळलं एकच असतं का?” तिनं तो प्रश्न असा विचारला, की मला बाकावर उभं राहावंसं वाटलं.

तोवर उशीर झाला होता. संध्याकाळी ट्रकवरून फोन आला, तात्यांना आवतण कळलं. पण आता आवतणाला कोण विचारतो? तात्यांपुढं दुसराच सवाल उभा राहिला होता: पोरगं दुपारी येऊन माफी कशाची मागून गेलं? काहीतरी केल्याशिवाय कुणी माफी मागत नाही. आणि केलं असून सांगत नाही, म्हणजे मोठंच केलं असणार.

शेवटी आई स्वतः गेली. बसली, पाणी प्याली, परत आली आणि म्हणाली, “येतू म्हणले.” मी सुटलो. दुसऱ्या दिवशी मळ्यात पंगत बसायची वेळ झाली तरी तात्यांचं घर नाही. झालं असं, की ते निघाले होते, वाटेत पारावर कुणीतरी टाकलं, “काय तात्या, आवंदा आवतण मोबाइलवर आलं म्हनं?” तात्या तिथूनच माघारी फिरले. आदल्या दिवशीचा मिटलेला रुसवा पुन्हा जिवंत. मग बायको आणि आई दोघी गेल्या, मला मुद्दाम मागं ठेवलं. तात्या आले. जेवायला बसले. मी लांबून त्यांच्या ताटाकडं बघत होतो. रस्सा मागून घेतला, पुन्हा मागून घेतला, आणि मग मोठ्यांदा म्हणाले, “मीठ कमी हाय.”

आई माझ्या कानाशी म्हणाली, “आता मिटलं बघ.”

मला त्या पंगतीत बसल्या बसल्या शरमल्यासारखं झालं, आणि ती शरम तात्यांपुरती नव्हती. मी वरच्या खोलीत बसून रोज जे करत होतो, तेच मी तात्यांच्या ओसरीवर करून आलो होतो. बातमी वाटेत असताना जाऊन विचारलं, ‘अजून नाही’ या उत्तराला ‘नाहीच’ समजलो. आणि नुसतं विचारून थांबलो नाही, विचारताना समोरच्याची अवस्थाच बदलून टाकली.

त्या आठवड्यात मी परीक्षा मुळापासून लिहायला घेतल्या. आधी सगळ्या झोपा काढून टाकल्या. एकदाच झोपून उठायचं आणि एकदाच बघायचं, यात काही अर्थ नव्हता. बातमी लवकर पोचली तर फुकट झोपलो, उशिरा पोचली तर फुकट उठलो. त्याऐवजी थोड्या थोड्या वेळानं विचारत राहायचं. दिसलं की लगेच पुढं जायचं. न दिसलं तर पुन्हा विचारायचं, पण एक हद्द ठरवून. हद्द ओलांडली की मग म्हणायचं, ‘नाहीच’, आणि शेवटी नेमकं काय दिसलं होतं तेही लिहून ठेवायचं, नुसतं तोंड लाल करून बसायचं नाही. विचारायचं ते नुसतं बघण्यासाठी; पुन्हा बुकिंगच करून बघायचं नाही, ती तर तात्यांपुढची माझी माफी झाली. आणि त्या पिडलेल्या वधूपित्याला मी निवृत्त केलं. प्रत्येक परीक्षेला स्वतःचा नवा वधूपिता, नवा हॉल. कुणाचं लग्न कुणी मोडायचं नाही.

आणखी एक गोष्ट मी टाकली, ती निव्वळ तात्यांच्या धाकानं. ‘येतू’ म्हणाल्यावर माणूस पारावरून माघारी फिरू शकतो. तेव्हा हवं ते एकदा दिसलं म्हणून लगेच हिरवं द्यायचं नाही. जरा थांबून पुन्हा बघायचं, ते टिकलंय का.

फळा बदलायला लागला. सकाळी चहाच्या आत सगळी परीक्षा आटपायला लागली. हिरवे ठिपके हिरवेच राहायला लागले. मी बायकोला वर बोलावून फळा दाखवला. तिनं चष्मा लावून नीट बघितलं. शिक्षकच ती, हिरव्यांकडं तिचं लक्ष गेलं नाही.

“हा एक लाल का?”

तो एक रोज लाल येत होता. परीक्षा साधी होती: बुक केलेलं लग्न रद्द करायचं आणि बघायचं, रद्द झालं का. व्हायचं. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं की ते लग्न परत उभं! एका प्रतीकडं जुनी बातमी वाटेत अडकलेली असायची. ती उशिरानं पोचायची आणि नव्या बातमीच्या डोक्यावर बसायची. मोडलेलं लग्न सॉफ्टवेअर पुन्हा जुळवून टाकायचं. आधीच्या परीक्षेत हे कधी दिसलंच नव्हतं, कारण रीट्राय एकदा ‘रद्द’ दिसलं की हिरवं देऊन घरी जायचा. आणि कधी लाल आलंच, तर आम्ही म्हणायचो, ते तसंच असतं, जरा वेळ लागतो.

बरं, लग्न नुसतं उभं राहून थांबत नव्हतं. तारीख जवळ आली की सॉफ्टवेअर त्या घरी आपोआप संदेश पाठवायचं: ‘आपल्या घरचा शुभविवाह जवळ आला आहे. हार्दिक शुभेच्छा.’ ज्या घरात लग्न मोडलं त्या घरात. मोडलेल्या लग्नानंतर घरात किती दिवस कुणी मोठ्यानं बोलत नाही, हे भावकीत वाढलेल्या माणसाला सांगायला लागत नाही.

ग्राहकाला दाखवायच्या आदल्या दिवशी दुपारी मॅनेजरचा फोन आला.

“सर, बोर्ड एकदम मस्त दिसतोय सर. कमाल केलीत सर.”

मी बाटली जवळ ओढली.

“फक्त ते एक लाल आहे ना सर.”

“ते खरंच लाल आहे.”

“हो सर, पण त्याला रीट्राय लावला तर?”

“लावला तर हिरवं होईल.”

“मग प्रॉब्लेम कुठंय?”

“प्रॉब्लेम आहे तिथंच राहील.”

मॅनेजर आवाज उतरवून म्हणाला, “सर, तुमच्या घरून कामाचं पण याच आठवड्यात ठरतंय. वरचे लोक फक्त रंग बघतात. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.” तो खरंच माझ्या भल्याचं सांगत होता, हीच तर पंचाईत होती.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती चहाचं पातेलं घासत होती.

“पेपर अवघड आहे का पोरगं कच्चं आहे?” तिनं विचारलं.

“पोरगं कच्चं आहे.”

“मग पास कसं करणार?”

“नाही केलं तर मला पुण्याला जावं लागेल.”

“मग शनिवार-रविवार याल,” ती म्हणाली. “आधी येतच होतात की.” एवढं बोलून ती तेच पातेलं पुन्हा घासायला लागली. ते मघाशीच स्वच्छ झालं होतं.

मी वर गेलो. रीट्रायची एक ओळ लिहायची होती, बास. मी ती लिहिली. मग त्या ‘हार्दिक शुभेच्छा’ डोळ्यापुढं आल्या आणि मी ती पुसली. खाली भांड्याचा आवाज आला आणि मी पुन्हा लिहिली. असं किती वेळा झालं ते सांगत नाही. आमच्या फळ्यालाही इतका चंचलपणा जमला नसता. शेवटी पुसलेली असताना लॅपटॉप मिटला आणि उठलो, कारण लिहिलेली असताना मिटला असता तर खाली जाऊन तिच्या हातचं जेवायला तोंड राहिलं नसतं. मिटायच्या आधी ठिपक्याखाली एक ओळ टाकली: ‘हे “अजून नाही” नव्हे. रद्द केलेलं लग्न परत उभं राहतं आणि घरी शुभेच्छा जातात.’

दुसऱ्या दिवशी पडद्यावर ग्राहक होत्या हायवेवर कार्यालयं चालवणाऱ्या एक बाई. कामाच्या, कमी बोलणाऱ्या. मॅनेजर हिरव्या ठिपक्यांवरून पटापट पुढं सरकत होता.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “ते लाल काय आहे?”

“मॅडम, ती एक छोटी केस आहे. तितकी महत्त्वाची नाही.”

“खाली काहीतरी लिहिलंय. वाचा की.”

मॅनेजरनं वाचलं.

“हे आमच्याकडं जुन्या सॉफ्टवेअरवर झालंय,” बाई म्हणाल्या. “मुलीचे वडील मोबाइल हातात घेऊन कार्यालयात आले. म्हणले, ताई, आम्ही तर नाही म्हणून सांगितलं होतं ना? भांडले असते तर बरं वाटलं असतं. मी माझ्या माणसाला झापलं, त्यानं रद्द केलं नाही म्हणून. तो शपथा घेत होता, केलं होतं, दिसत होतं म्हणून. मी ऐकलं नाही.” मग म्हणाल्या, “हे दुरुस्त झाल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि कुणी शोधलं?”

“आमच्या टीमनं, मॅडम,” मॅनेजर म्हणाला.

मी माझा माइक बंद आहे याची खात्री करून एक दीर्घ श्वास सोडला. तो आनंदाचा नव्हता. बाईंनी सही अडवली होती, आणि ती अडवणारा ठिपका माझा होता. पुढचे दिवस मी मनानं पुण्यात खोल्या बघत काढले. प्रोग्राम लिहिणारी पोरं ते लग्न मोडलेलंच राहावं म्हणून झटत होती, रोज नवी दुरुस्ती करायची आणि मला विचारायची, “सर, आता?” मी परीक्षा चालवून सांगायचो, “अजून नाही.” एका सकाळी लग्न मोडलं ते मोडलेलंच राहिलं. मी पुन्हा बघितलं, चहा पिऊन आलो आणि पुन्हा बघितलं. बाईंनी सही केली.

मग मेल आला. अभिनंदन वगैरे टीमचं होतं. माझ्यापुरतं शेवटच्या परिच्छेदात: घरून काम पुढील सूचनेपर्यंत चालू ठेवावे, महिन्यातून एकदा पुण्यात हजेरी लावावी.

बायको शाळेतून आली तेव्हा मी दारातच उभा होतो.

“राहा म्हणाले,” मी म्हणालो.

“किती दिवस?”

“पुढील सूचनेपर्यंत.”

“म्हणजे आमच्या खात्यासारखंच.” तिनं पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्याली. मला वाटलं काहीतरी हळवं बोलेल. ती म्हणाली, “मग वरचं तुमचं टेबल सरकवा. गच्चीच्या दारात आडवं येतंय. तुमचं राहायचं का जायचं कळेना, म्हणून मी कुरडयांना गहूच भिजवले नव्हते. शेजारणींच्या घालून झाल्या.”

मी टेबल सरकवलं. गहू भिजले, चीक शिजला, आणि ऊन तापायच्या आत सोऱ्या फिरवायचं काम, हाताला जोर म्हणून, माझ्याकडं आलं. तिला शाळेला जायचं होतं, आईचे गुडघे जिना चढत नाहीत. तेव्हा गच्चीवरच्या वाळवणाची राखणही माझ्याकडंच. सकाळच्या मीटिंगला मी गच्चीच्या दारात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो.

“सर,” मॅनेजर म्हणाला, “तुमच्याकडून कसला तरी आवाज येतोय.”

“हाऽऽड!” मी म्हणालो. “तुम्हाला नाही हो. कावळ्याला.”